साखर चढण्याआधीची वर्षं

मधुमेहाच्या निदानाला तारीख असते. उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ किंवा अधिक, ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, नाहीतर एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक. पुन्हा तपासूनही तेच आलं की डॉक्टर निदान लिहितात आणि त्या दिवसापासून माणूस ‘शुगरचा पेशंट’ होतो. आजाराला मात्र अशी तारीख नसते. १२५ आणि १२६ यांच्यामध्ये शरीरात कुठलीही भिंत नाही. त्याअलीकडची, ‘बॉर्डर’ची रेषासुद्धा सगळीकडे एकच नाही: अमेरिकन डॉक्टर ती उपाशीपोटी १०० वर धरतात, जागतिक आरोग्य संघटना ११० वर. रेषा माणसांनी सोयीसाठी आखल्या आहेत. शरीरातली घसरण त्यांच्याकडे न पाहता, वर्षानुवर्षं, आपल्या गतीने चालू असते.

ही घसरण नेमकी कशी होते, कधी सुरू होते आणि कधी वेग घेते, याचं एक फार चांगलं चित्र लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून मिळालं. व्हाइटहॉल हा तिथला मंत्रालयाचा भाग. १९८५ पासून तिथल्या ३५ ते ५५ वयाच्या १०,३०८ कर्मचाऱ्यांची आरोग्यतपासणी सुरू झाली. मायकेल मार्मट यांच्या या अभ्यासाचा मूळ विषय हुद्दा आणि आरोग्य यांचा संबंध हा होता. पण तीच माणसं दर काही वर्षांनी पुन्हा तपासली जात राहिली, उपाशीपोटी आणि ग्लुकोज घेतल्यानंतर त्यांची साखर व इन्शुलिन मोजलं गेलं, आणि हळूहळू मध्यमवयीन शरीराची एक लांबलचक नोंदवही तयार झाली.

२००९ साली आदाम ताबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नोंदवही उलटी वाचली. सुरुवातीला मधुमेह नसलेले ६,५३८ जण त्यांनी घेतले. त्यांतल्या ५०५ जणांना पुढे मधुमेह झाला. त्यांच्या निदानाचा दिवस शून्य मानून संशोधक मागे मोजत गेले, १३ वर्षांपर्यंत. तीन वर्षं आधी साखर किती होती? पाच वर्षं आधी? दहा?

उत्तर अस्वस्थ करणारं आहे. निदानाच्या तीन वर्षं आधीपर्यंत या लोकांची उपाशीपोटीची साखर सरळ, मंद चढणीवर होती. तीन वर्षं आधी ती सरासरी १०४ च्या आसपास होती. ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी मोजलेली साखर तेव्हा सरासरी १३७ होती, म्हणजे १४० च्या आत. कुठल्याही लॅबने तिच्यापुढे ‘नॉर्मल’च लिहिलं असतं. तिथून पुढे मात्र दोन्ही आकडे उसळले. तीन वर्षांत उपाशीपोटीची साखर १३३ वर गेली आणि दोन तासांनंतरची २१४ वर. दहा वर्षांत जे जेमतेम हललं होतं, ते तीन वर्षांत कोसळलं. ज्यांना मधुमेह झाला नाही त्यांचीही साखर वयाबरोबर थोडी चढली, पण रेषा शेवटपर्यंत सरळ राहिली.

मग आधीच्या दहा वर्षांत सगळं ठीक होतं का? नव्हतं. ते समजायला साखर शरीरात कशी सांभाळली जाते हे पाहावं लागेल.

मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असतं, आणि त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं अवघं पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. दोन पोळ्या, वाटीभर भात, आमटी आणि भाजी एवढ्या साध्या जेवणातून सत्तर-ऐंशी ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात, म्हणजे रक्तात जितकी साखर मुळात असते तिच्या चौदा ते सोळा पट. तरीही निरोगी माणसाची साखर जेवणानंतर १४० च्या पलीकडे फारशी जात नाही आणि दोन-तीन तासांत मूळ जागी येते. मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, ते अखंड मिळत राहतं. रात्रीच्या उपवासात यकृत आपल्या साठ्यातून थोडं थोडं सोडत राहतं. इतका काटेकोर हिशेब शरीर आयुष्यभर, दिवसातून तीन-चार वेळा, आपल्याला कळूही न देता पार पाडतं. मला शरीरातल्या मोजक्या थक्क करणाऱ्या गोष्टींपैकी ही एक वाटते.

हा हिशेब ठेवणाऱ्या बीटा पेशी स्वादुपिंडात असतात. पाउल लांगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली, अवघ्या २१ व्या वर्षी, स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे लहान पुंजके पाहिले. एका स्वादुपिंडात असे साधारण दहा लाख पुंजके असतात आणि तरी ते सगळे मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. जेवण सुरू झालं, साखर चढू लागली की बीटा पेशी पहिल्या काही मिनिटांत तयार साठ्यातलं इन्शुलिन एकदम सोडतात आणि नंतर नवं बनवून हळूहळू सोडत राहतात. पहिला लोट महत्त्वाचा. तो यकृताला सांगतो, जेवण आलं आहे, तू आता साखर सोडणं थांबव. ही घसरण सुरू होते तेव्हा सर्वांत आधी बिघडणाऱ्या गोष्टींत हा पहिला लोट असतो. त्यामुळेच उपाशीपोटीचा आकडा चांगला असताना जेवणानंतरचा आकडा बिघडलेला सापडतो.

रक्तातून बाहेर पडलेली साखर जाते कुठे? इन्शुलिनच्या हुकमाने जी साखर उचलली जाते तिच्यातला सर्वांत मोठा वाटा स्नायू घेतात. आणि स्नायू तिशीनंतर हळूहळू कमी होत जातात. बसून काम करणाऱ्याचे अधिक वेगाने. काट्यावर हे दिसत नाही, कारण गेलेल्या स्नायूंची जागा चरबी घेते. ‘लग्नात होतं तेवढंच वजन आहे माझं’ असं अभिमानाने सांगणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांचं वजन तेवढंच असतंही. पण त्या वजनात आता साखर उचलणारं मांस कमी आणि अडवणारी चरबी जास्त असते. ही चरबी कातडीखाली मावेनाशी झाली की पोटात, यकृतात आणि स्वादुपिंडातही साठते. चरबी साठलेलं यकृत इन्शुलिनचं ऐकेनासं होतं. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीत असताना कॉर्टिसॉलसारखे हार्मोन वाढतात आणि हे यकृत साखर सोडत राहतं. ‘रात्री काहीच खाल्लं नाही, तरी सकाळी शुगर वाढलेली कशी?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

बायकांच्या बाबतीत पाळी जाण्याच्या सुमारास चरबीची जागा बदलते, मांड्या-नितंबांवरून ती पोटाकडे सरकते. झोपही मोजावी लागते. १९९९ साली शिकागोत ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर एवढ्यातच त्यांची साखर सांभाळण्याची क्षमता स्पष्टपणे घसरली. ते तरुण होते आणि प्रयोग आठवड्याभराचा होता. चाळिशीतल्या माणसाची अपुरी झोप वर्षानुवर्षं चालते.

आता पुन्हा लंडनकडे. व्हाइटहॉलच्या त्या ५०५ जणांत, उपाशीपोटीच्या साखर-इन्शुलिनवरून काढलेल्या अंदाजानुसार, इन्शुलिनला दाद देण्याची शरीराची ताकद आधीपासूनच कमी होती आणि निदानाच्या पाच वर्षं आधीपासून ती वेगाने खाली आली. चौथ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या दरम्यान बीटा पेशींनी इन्शुलिन वाढवून ही तूट भरून काढायचा प्रयत्न केला. आणि मग त्यांचीच ताकद ओसरू लागली. मिळकत घटत चाललेलं घर ठेवी मोडून नेहमीसारखा खर्च चालवतं, सण होतात, पाहुणे जेवून जातात, शेजाऱ्यांना काही कळत नाही. ठेव संपते तेव्हा मात्र एकाच महिन्यात सगळं उघडं पडतं. रक्तातली साखर म्हणजे शेजाऱ्यांना दिसणारं ते घर. आपण नेमकं तेच तपासतो.

ठेव संपते म्हणजे काय, तेही शवविच्छेदनातून पाहिलं गेलं आहे. २००३ साली पीटर बटलर यांच्या गटाने मृत्यूनंतर स्वादुपिंडं तपासली. स्थूल माणसांत ज्यांची साखर केवळ ‘बॉर्डर’वर होती, त्यांच्या बीटा पेशी तितक्याच स्थूल पण निरोगी माणसांच्या तुलनेत ४० टक्क्यांनी कमी होत्या, मधुमेह झालेल्यांत ६३ टक्क्यांनी. बॉर्डरवरच ४० टक्के! आणि या पेशी पुन्हा सहजी उगवत नाहीत. त्यांची संख्या बालपणी आणि तारुण्यात ठरते. तिशीनंतर नव्याने तयार होणाऱ्या बीटा पेशी अगदी थोड्या. म्हणून ‘अजून गोळी लागत नाही’ या वाक्यात जो सुटकेचा नि:श्वास असतो, तो मला नेहमी खटकतो.

आपल्याकडे ही सगळी गोष्ट आणखी लवकर आणि आणखी वेगाने घडते. व्हाइटहॉलमध्येच दक्षिण आशियाई वंशाचे कर्मचारीही होते; मधुमेह नसतानाही त्यांची उपाशीपोटीची साखर वयाबरोबर गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त वेगाने चढत होती. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात सुमारे नऊ वर्षांत बॉर्डरवरच्या लोकांपैकी ५९ टक्के मधुमेहात गेले. आणि ज्यांची साखर सुरुवातीला पूर्ण नॉर्मल होती, त्यांच्यापैकीही १९ टक्के थेट मधुमेहापर्यंत पोचले.

का? पुण्याने या प्रश्नाला फार मोलाचं उत्तर दिलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंची आणि वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचं अगदी सारखं: २२.३. दोघंही सडसडीत. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एकाच मापाच्या सदऱ्यात दोन वेगळी शरीरं होती. हा फरक जन्मापासूनचा असतो हेही पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून दिसलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने बरीच लहान. पण त्या लहानखुऱ्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी जवळजवळ राखली गेली होती. हीच मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. बीएमआय सरासरी २०, म्हणजे बारीकच म्हणायची. तरीही त्यांतल्या ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची साखर बॉर्डरवर होती.

म्हणजे आपल्यातल्या अनेकांची ठेव मुळातच लहान असते. चाळिशीतली घसरण तिथूनच सुरू होते. आईच्या पोटात कमी मिळालेलं पोषण, नंतर अचानक मिळालेली मुबलकता, बसकं काम आणि आमटी-उसळ मागे सरून ताटभर झालेला भात-पोळीचा भाग, हे सगळं एकाच आयुष्यात येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींचा अंदाज १०.१ कोटी होता आणि बॉर्डरवरच्यांचा १३.६ कोटी. राज्यांमध्ये मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के, प्रौढांमध्ये चारातला एक.

निदानानंतर घसरण थांबते का, हा पुढचा प्रश्न. ब्रिटनमध्ये रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ साली एक मोठा अभ्यास सुरू केला. नव्याने निदान झालेले ५,१०२ रुग्ण, २३ केंद्रं, वीस वर्षं. निदानाच्या वेळी बीटा पेशींची कामाची ताकद साधारण निम्मीच उरली होती. उपचाराने पहिल्या वर्षी साखर छान खाली आली आणि मग वर्षावर्षाने पुन्हा चढत गेली. फक्त पथ्य असो, गोळ्या असोत किंवा इन्शुलिन, चढण सगळ्यांच्या वाट्याला आली.

हे प्रत्येक मधुमेहीला आणि त्याच्या घरच्यांना सांगितलं गेलं पाहिजे असं मला कळकळीने वाटतं. दहा वर्षांनी गोळ्या वाढल्या, इन्शुलिन लागलं, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘बाबा, पुन्हा गोड खायला लागलात का?’ कधी दवाखान्यातही तोच सूर लागतो. निगुतीने पथ्य पाळणाऱ्या माणसाचीही साखर वर्षांमागून वर्षं चढू शकते, कारण आजाराचा स्वभावच उतरणीचा आहे. औषध वाढणं म्हणजे शिक्षा नव्हे, आणि इन्शुलिन सुरू होणं म्हणजे शेवट नव्हे. याच अभ्यासातल्या रुग्णांकडे आणखी दहा वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा कळलं की सुरुवातीच्या वर्षांत ज्यांची साखर नीट ठेवली गेली होती त्यांच्या डोळ्यांना, मूत्रपिंडांना आणि हृदयाला झालेला फायदा पुढेही टिकला, त्यांची आणि इतरांची साखर नंतर सारखीच झाली तरीही. सुरुवातीची वर्षं सर्वांत मोलाची, ती अशी.

निदानाआधी उतार कमी करता येतो, याचे पुरावे तर आता भक्कम आहेत. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ साली बॉर्डरवरच्या लोकांना आहार आणि व्यायाम याबाबत सहा वर्षं मदत केली गेली. तीस वर्षांनी पाहिलं तर त्यांचा मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षं पुढे ढकलला गेला होता. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर केलेला प्रयोग आपल्याला अधिक जवळचा. काहीच मदत न मिळालेल्यांपैकी ५५ टक्के तीन वर्षांत मधुमेही झाले. चालणं आणि आहार सुधारलेल्यांपैकी ३९ टक्के. या प्रयोगात लोकांचं वजन म्हणावं तसं उतरलंच नव्हतं, तरी फायदा झाला. ‘मी तर बारीक आहे, मला काय कमी करायचंय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी ही माहिती मोलाची आहे. स्नायूंना काम दिलं की ते साखर उचलतात, आणि व्यायाम चालू असताना ती उचलायला त्यांना इन्शुलिनची फारशी गरजही लागत नाही. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा, उठाबशांचा, जोर लावण्याचा व्यायाम, या दोन गोष्टी मी चाळिशीनंतर सर्वांत वर ठेवीन. ताटात आधी भाजी, उसळ, डाळ, अंडं किंवा मासे. भात-पोळी त्यानंतर आणि थोडी कमी.

ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यासाठी ब्रिटनमधल्या रॉय टेलर आणि माइक लीन यांचा २०१७ चा प्रयोग आशादायक आहे. निदान होऊन सहा वर्षं न झालेल्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशे कॅलरीच्या आत ठेवलं. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली आली, आणि १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत तर ८६ टक्के लोकांची. दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ झाले, हेही सांगायला हवं. असा उपवास डॉक्टरांच्या देखरेखीविना करू नये, विशेषतः इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना.

आणि तपासणी. फक्त उपाशीपोटीच्या साखरेवर समाधान मानू नका, जेवणानंतरची किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनंतरचीही करा. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी सांगते, पण लोह कमी असल्याने रक्त कमी झालेल्या बाईत ती खरी असते त्याहून जास्त दिसू शकते, आणि सिकलसेलचं प्रमाण असलेल्या गडचिरोली-नंदुरबारसारख्या भागांत ती फसवी ठरू शकते. कमरेचा घेर मोजा: पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठीची मर्यादा. वयाची तिशी ओलांडलेल्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते; गावातल्या आशाताईंना विचारा.

घरात पडलेले जुने रिपोर्ट शोधा आणि एका कागदावर तारखेसह ओळीने लिहा: ८८, ९१, ९५, १०१. प्रत्येक आकडा त्या त्या वेळी ठीकच म्हटला गेला असेल, पण ओळ चढत असेल तर ती डॉक्टरांना दाखवा, आणि मधुमेहाची रेषा गाठेपर्यंत थांबू नका. ज्या बायकांची गरोदरपणात शुगर वाढली होती त्यांनी तर, बाळ झाल्यावर ती उतरली म्हणून विसरू नये; त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा निदान सातपट असतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा, आणि दरवर्षी तपासून घ्या.